गुडघा तिचा, दुःख कुणाकुणाचं?

आईबाबांनो,

"जीव वाचला ना, मग झालं. खेळ काय, गेला तर गेला." दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना हे वाक्य कुणी ना कुणी बोलतंच. बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण मागून कुबड्यांवर येणारी सोळा वर्षांची पोर ते ऐकून गप्प होते आणि पुढे बरेच दिवस गप्पच राहते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. कबड्डी, खो-खो, फुटबॉल खेळणारी पोरं माझ्याकडे येतात. टेबलावर झोपवून गुडघा वाकवायला घेतला की ती बोलायला लागतात, आणि घरी जे बोलत नाहीत ते बोलतात. त्यातलंच थोडं, कुणाचं नावगाव न घेता, तुमच्या कानावर घालते.

आधी गुडघ्याबद्दल. मांडीचं हाड आणि नडगी यांना आतून बांधून ठेवणारा एक लिगामेंट असतो, एसीएल. धावता धावता पाय रोवून वळलं, उडी मारून उतरताना गुडघा आत गेला, किंवा चढाईत घोटा धरला गेला आणि अंग तेवढं फिरलं, की तो तुटतो. मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा जास्त दिसते. पूर्ण तुटलेला लिगामेंट बहुधा आपला आपण जुळत नाही. मग मांडीच्या मागचा नाहीतर वाटीखालचा स्नायुबंध घेऊन दुर्बिणीतून नवा बसवतात, आणि ९ महिने ते वर्षभर घाम गाळून बरीच मुलं पुन्हा मैदानात उतरतात. म्हणून एमआरआयचा कागद हातात पडल्या पडल्या रडारड करू नका. पण काहींचा बसवलेला लिगामेंटही तुटतो. कोवळ्या वयात खेळायला परतणाऱ्यांना हा धोका अधिक. सोबत मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादी फाटलेली असते, कूर्चा झिजलेली असते. अशा वेळी सर्जन म्हणतात, "चाल, पोह, सायकल चालव, पण झटापटीचा खेळ आता नको." पुन्हा पुन्हा दुखावलेल्या गुडघ्याला गाठायला झिजेचा संधिवात म्हातारपणाची वाट बघत नाही. माझं बोलणं आहे ते या दुसऱ्या मुलांच्या घरांशी.

पहिली गोष्ट, 'खेळ आता नको' हे वाक्य मुलाला डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. पुष्कळ आईबाप त्याला बाहेर बसवतात, आत जाऊन सगळं ऐकतात आणि बाहेर येऊन सांगतात, "बघू म्हणाले, सहा महिन्यांनी बघू." पोरगं त्या सहा महिन्यांवर जगतं. जिल्ह्याच्या निवड चाचणीची तारीख भिंतीवर लिहून ठेवतं. मग एक दिवस नात्यातल्याच कुणाकडून त्याला खरं कळतं, आणि त्या दिवशी खेळ जातो तो जातोच, वर घरच्यांवरचा भरवसाही जातो. त्याला आत न्या. प्रश्न त्यालाच विचारू द्या. दुसऱ्या सर्जनचं मत जरूर घ्या, तो तुमचा हक्कच आहे. मात्र पाचवं, सहावं मत आणि त्यानंतर कुणीतरी सुचवलेला गावाकडचा हाडवैद्य, ही वणवण मुलासाठी चालली आहे की आपल्यासाठी, हे एकदा स्वतःला विचारून बघा.

कारण टेबलावर मला सगळ्यांत जास्त ऐकू येतं ते गुडघ्याचं दुःख नसतंच. "बाबांनी कबड्डी बघायचं सोडलं. मी खोलीत आलो की चॅनेल बदलतात." "आई देवघरात रडते, मला वाटतं माझ्यामुळेच." "मी हसत नाही तोवर घरात कुणी हसत नाही, म्हणून मी हसते." ही पोरं स्वतःचं दुःख बाजूला ठेवून तुमचं सांभाळत बसलेली असतात. पहाटे साडेपाचला स्कूटरवर मागे बसवून मैदानावर नेणारा बाप, उकडलेली अंडी आणि भिजवलेले हरभरे डब्यात भरणारी आई, शिबिराच्या पैशांसाठी मोडलेली भिशी, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. आपला पाय मोडला आणि त्या सगळ्याचं मातेरं झालं, असा हिशेब ती मनात मांडतात.

आणि खरंच, तुमचंही काहीतरी गेलेलं असतं. आपल्याकडे गावोगावच्या कबड्डी मंडळांमागे नोकरीची आशा उभी असते. पोलीस, रेल्वे, बँक, झालंच तर शासकीय नोकरीतलं खेळाडूंसाठीचं ५ टक्के आरक्षण. पोरीला ट्रॅकसूट घेताना बापाच्या डोळ्यांपुढे कुठेतरी ती वर्दी असते. ती आशा तुटल्याचं वाईट वाटणं यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त ते कुणाजवळ बोलायचं ते ठरवा. नवराबायकोने एकमेकांजवळ बोला, भावाजवळ बोला, मुलाच्या प्रशिक्षकाजवळ बोला. मुलाच्या उशाशी बसून नको. मुलासमोर डोळ्यांत पाणी आलं तर लपवायचीही गरज नाही, "मलाही वाईट वाटतंय, पण ते मी बघीन, तू तुझं बघ," एवढं म्हटलं तरी त्याच्या अंगावरचं निम्मं ओझं उतरतं.

आता जरा नाजूक बोलते. काही घरांत दुःखाच्या आड सुटकाही असते. विशेषतः मुलगी असेल तर. "आता अभ्यासात तरी लक्ष घालील," "उन्हात रापायची थांबेल," "उद्या सासरी गेल्यावर गुडघा धड नको का?" हे मोठ्याने कुणी बोलत नाही, पण पोरींना कळतं. एका मुलीने मला विचारलं होतं, "ताई, माझा गुडघा तुटल्यावर आमच्या आजीने नवस फेडला असेल का हो?" ती विनोद करत होती. मी हसले नाही. सुटका वाटत असेल तर वाटू द्या, मनातल्या भावनेवर कुणाचा ताबा असतो? पण पोर अजून दुःखात बुडालेली असताना तिच्यापुढे बारावीच्या क्लासची जाहिरात ठेवू नका.

तिचं नेमकं गेलं काय, हेही समजून घ्यायला हवं. खेळ म्हणजे संध्याकाळचे दोन तास, असं आपल्याला वाटतं. तिच्या लेखी तो अख्खा दिवस होता. कधी उठायचं, काय खायचं, रात्री किती वाजता मोबाइल ठेवायचा, सगळं त्यावरून ठरायचं. मैत्रिणी त्यातल्याच. शाळेत तिची ओळख कबड्डीतला 'डावा कोपरा' अशीच. चालताना, नाचताना, जिने चढताना आपल्या अंगावर जो विश्वास होता तोही त्यातलाच. एका 'कट्ट' आवाजात हे सारं गेलं, आणि आपण विचारतो, "अगं, एवढं काय त्यात?" मानसशास्त्रात यावर बरंच काम झालेलं आहे. ज्याची 'मी खेळाडू' ही एकच ओळख घट्ट असते त्याला खेळ सुटल्यावर जास्त जड जातं. दुःखाच्या पाच पायऱ्यांचं कोष्टक मात्र घरात लावू नका. ते १९६९मध्ये मनोविकारतज्ज्ञ कुब्लर-रॉस यांनी मरणाला टेकलेल्या रुग्णांशी बोलून मांडलं होतं. गुडघा मोडलेली पोर आज रागावेल, उद्या खिदळेल, परवा जर्सी छातीशी घेऊन झोपेल, आणि पुढच्या आठवड्यात परत रागावेल.

आणि गोष्टी सांगणं थांबवा. विशेषतः मुरलीकांत पेटकरांची. 'चंदू चॅम्पियन' हा चित्रपट आल्यापासून ती प्रत्येक मामा-काकांच्या तोंडी आहे. पेठ इस्लामपूरचा मुलगा, सैन्यात बॉक्सर, १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली पांगळा झाला, आणि १९७२मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक मिळवलं. भारताचं पॅरालिम्पिकमधलं ते पहिलं सुवर्ण. सोन्यासारखा माणूस, त्यात वादच नाही. पण गोष्ट सांगणारे १९६५वरून एकदम १९७२वर उडी मारतात. मधल्या सात वर्षांचं काय? त्यात अंथरूण होतं, व्हीलचेअर होती, तेल अवीवला टेबल टेनिस खेळून बघणं होतं. बॉक्सिंग त्यांना परत मिळालं नाही, ते कायमचंच गेलं. दुखापतीनंतर दुसऱ्याच आठवड्यात ही गोष्ट ऐकणारं पोरगं मनात एवढंच म्हणतं, "म्हणजे मी आता पदक आणल्याशिवाय यांना चालणार नाही." ती गोष्ट त्याला स्वतःहून वाचावीशी वाटेल तेव्हा वाचू दे. तेव्हा ती खरीच कामाला येते.

त्यापेक्षा मला क्रेग कीजवेटर आठवतो. इंग्लंडचा यष्टिरक्षक. २०१०च्या टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ६३ धावा करून सामनावीर ठरला होता. २०१४मध्ये कौंटी सामन्यात चेंडू हेल्मेटच्या जाळीतून आत घुसला, नाक मोडलं, डोळ्याजवळचं हाड मोडलं. तो परतला, खेळून बघितलं, पण नजर पूर्वीची राहिली नव्हती. २०१५मध्ये, सत्तावीस वर्षांचा असताना, त्याने क्रिकेट सोडलं. खेळता येत होतं, पण पूर्वीच्या तोडीचं येत नव्हतं. मुलं हेच सांगतात तेव्हा आपण त्यांना भित्रं ठरवतो. "अरे, गंमत म्हणून तरी खेळ, सोसायटीत खेळ." ज्याने जिल्ह्याच्या संघातून चढाया केल्या आहेत त्याला गंमत म्हणून लंगडत खेळणं हा अपमान वाटू शकतो. एखाद्याला नाहीही वाटणार. विचारून घ्या.

मैदानाशी नातं ठेवायचं की तोडायचं, हेही त्याचं त्याला ठरवू द्या. एक मुलगा दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर कुबड्या टेकत गुणलेखकाच्या टेबलावर जाऊन बसला आणि पुढे पंच परीक्षेला बसला. त्याला शिट्टी चांगली शोभते. एक मुलगी मात्र मैदानाच्या रस्त्यानेसुद्धा जात नव्हती. क्लासला लांबचा वळसा घालून जायची. घरच्यांना वाटलं, हिला धीट करायला हवं, म्हणून संघाच्या सामन्याला बळेच नेलं. ती पहिल्या लोणाच्या आधीच उठून बाहेर गेली आणि घरी दोन शब्द बोलेना. लांबचा वळसा घालू द्यायचा होता, एवढंच. ती आज काय करते? नर्सिंग शिकते, आणि कबड्डी अजूनही बघत नाही. मला त्यात काही बिघडलेलं दिसत नाही.

घरातल्या ढाली आणि पदकं शोकेसमधून काढून माळ्यावर टाकू नका, आणि दर पाहुण्याला दाखवूही नका. त्यालाच विचारा, कुठे ठेवू? प्रमाणपत्रं मात्र फाइलला नीट लावून ठेवा. दहावी-बारावीच्या खेळाच्या सवलतीच्या गुणांसाठी, पुढे शारीरिक शिक्षणाच्या प्रवेशासाठी ती कामी येऊ शकतात. शाळेतल्या क्रीडाशिक्षकांकडे चौकशी करा. खेळ थांबला म्हणून खेळलेलं पुसलं जात नाही, हे त्या फाइलमधून त्याला जेवढं पटेल तेवढं तुमच्या सांगण्याने पटणार नाही. पाहुण्यांसाठी एक ठरलेलं उत्तर घरात सगळ्यांनी पाठ करा. "खेळ थांबवलाय, पाय सुधारतोय, चहा घेणार ना?" पुढचे प्रश्न तुम्ही अडवायचे. लग्नाच्या मांडवात "मग आता पुढं काय?" हे चौदाव्यांदा ऐकणाऱ्या पोराची तुम्हीच ढाल व्हायला हवं.

काही गोष्टींकडे मात्र कानाडोळा नको. झोप पार उडाली किंवा दिवसभर झोपच, जेवण तुटलं, आठवडेच्या आठवडे उंबरठा ओलांडला नाही, आवडते शूज कुणाला तरी देऊन टाकले, "माझा आता काय उपयोग" हे वरचेवर तोंडी आलं, शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनाशामक गोळ्या हिशेबापेक्षा लवकर संपायला लागल्या. अशा वेळी थेट विचारा, "जगणं नको असं मनात येतं का?" विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही. असला तर बाहेर पडायला वाट मिळते. उरलेल्या गोळ्या कुलपात ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. रात्री-अपरात्री कुणी सापडलं नाही तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि मुलाऐवजी तुम्ही केलात तरी चालतो.

शेवटी माझ्या धंद्याची तक्रार. खेळ संपला असं कळलं की निम्मी घरं व्यायामाला आणायचीच बंद होतात. "आता खेळायचंच नाही तर फी कशाला भरा?" अहो, खेळणार होती तेव्हा तो गुडघा दहा वर्षं चालवायचा होता, आता पन्नास वर्षं चालवायचा आहे. मांडीचा स्नायू शस्त्रक्रियेनंतर बघता बघता सुकतो, आणि तो सुकला की सगळा भार आधीच झिजलेल्या सांध्यावर येतो. फी जड जात असेल तर सांगा, घरी करायचे व्यायाम लिहून देते, महिन्यातून एकदा दाखवायला आणा. आणि ध्येय नवं ठरवू. ते मैदानाइतकं मोठं नसलं तरी चालेल. एकीने ठरवलं होतं, दिवाळीत रायगड रोपवेने नाही, पायऱ्यांनी चढायचा. एकाला नुसती बुलेट चालवायची होती, किक मारून, सेल्फस्टार्टने नाही. वडील म्हणाले, "हे काय ध्येय झालं?" मी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि पोराच्या घोट्याला वजन बांधलं.