रंगाच्या आधी सील

जुनी येझदी रंगवून देणारा आणि जुनी येझदी चालू करून देणारा, ही दोन वेगळी माणसं असतात. आमच्या आप्पांची गाडी मी संभाजीनगरच्या ज्या मिस्त्रीकडे टाकली, तो पहिल्या प्रकारातला निघाला. नाव लिहीत नाही, पण त्याच्या गोड बोलण्यावर एक स्वतंत्र लेख होईल.

लासूर स्टेशनच्या घरी सरकीच्या पोत्यांमागे उभी असलेली ही 1974 सालची गाडी, दोन सायलेन्सरची. टेम्पोतून उतरवतानाच मी बजावलं होतं, आधी इंजिन खोला, बाकीचं मागाहून. तो म्हणाला, "आधी बॉडी हातात घेऊ, भाऊ. गाडी दिसायला लागली की तुम्हालाच हुरूप येईल." हुरूप त्याला आला, ॲडव्हान्स मोजताना. मग फोन केला की टाकी प्लेटिंगला गेलेली असायची, नाहीतर पेंटरच्या घरी लग्न. शेवटी गाडी मिळाली तेव्हा आरशासारखी चमकत होती, हे मान्य करतो. पण ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन आपलं आपण रेस होत होतं. विचारलं तर म्हणे, "नवीन रिंग आहे, बसेल." धुराबद्दल विचारलं तर, "टू-स्ट्रोक आहे, धूर निघणारच."

माळीवाड्याच्या पुढे पिस्टन जाम झाला. मागचं चाक जागेवर लॉक, गाडी आडवी होता होता राहिली. फोनवर त्याचं पहिलं वाक्य, "तुम्ही पळवली असेल." लागलं का, कुठे आहात, काही नाही.

छोटा हत्ती येईपर्यंत रस्त्याच्या कडेला बसून गाडी न्याहाळायला भरपूर वेळ होता. तिथे माझी नजर मीटरवर गेली. आप्पांच्या मीटरचं शेवटचं चाक कित्येक वर्षं दोन आकड्यांच्या मधेच अडकलेलं होतं. अर्धा चार, अर्धा पाच. घरातल्या सगळ्या पोरांनी ते काचेवर टिचक्या मारून सोडवायचा प्रयत्न केलेला. आता समोर सगळे आकडे ओळीत, स्वच्छ, आणि किलोमीटर भलतेच कमी. मग खाली वाकलो. कार्बोरेटरही आमचा नव्हता. आमचा जिकोव्ह होता, हा बाजारातला डुप्लिकेट. दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं तर त्याने डोळ्याला डोळा देऊन सांगितलं, "तेच आहे भाऊ, पॉलिश केलंय." मी मोबाइलमधला जुना फोटो पुढे केला. त्यावर, "असं असेल तर पोरांकडून अदलाबदल झाली असेल. बघतो." अजून बघतोच आहे.

आमच्याकडे स्टेशनात शेतीपंपांची डिझेल इंजिनं दुरुस्त करणारे एक आबा आहेत. इंजिन त्यांनी खोललं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी पिस्टनखाली, क्रँकच्या पेटीत येतं. त्यामुळे ती पेटी हवाबंद असावी लागते, आणि ती हवाबंद ठेवतात क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सीलं. रबर वर्षानुवर्षं वापराविना पडलं की कडक होतं. डायनॅमोच्या बाजूचं सील गेलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते. मिश्रण पातळ, इंजिन तापतं, पिस्टन धरतो. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअरचं ऑइल आत शोषलं जाऊन जळतं. पांढरा धूर निघतो आणि ऑइलची पातळी उतरत राहते. आमची दोन्ही सीलं गाडी मैसूरच्या कारखान्यातून आली तेव्हाची असावीत. म्हणजे इंजिन खोललंच नव्हतं, वरून सिलिंडर काढून रिंग टाकली होती. पैसे मात्र 'फुल इंजिन'चे.

म्हणून सांगतो. सील, बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉड पाहिल्याशिवाय रंगाला एक रुपया देऊ नका. मिस्त्री खोलतो म्हणाला तर समोर उभे राहा, जुनी सीलं पिशवीत घालून घरी आणा. गाडी देण्याआधी मीटर, कार्बोरेटर, डायनॅमो, टाकीचं झाकण, सगळ्याचे जवळून फोटो काढा आणि यादीवर त्याची सही घ्या. चासी आणि इंजिन नंबर पेन्सिलीने कागदावर घासून उतरवा. येझदीत दोन्ही ठिकाणी सहसा एकच नंबर असतो, इंजिनची पेटी बदलली तर तिथेच पकड सापडते. मूळ कारखाना 1996 ला बंद झाला, त्यामुळे अस्सल भागांना सोन्याचा भाव आहे. चोरीचं कारण तेच. 2022 पासून शोरूममध्ये दिसते ती येझदी फोर-स्ट्रोक आहे, तिच्या इंजिनातलं आपल्याला काही लागू पडत नाही.

पडून असलेल्या गाडीला आल्या आल्या किक मारू नका. प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि थोडं ऑइल सोडा, मुरू द्या, मग टॉप गिअरमध्ये टाकून हळू मागेपुढे ढकला. पॉइंटचा गॅप 0.4 मिलिमीटर. पेट्रोलमध्ये लिटरला 40 मिली टू-टी ऑइल. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओल धरतं आणि जुनं रबर खातं, तेव्हा गाडी उभी करताना कॉक बंद करा, बरेच दिवस काढायची नसेल तर टाकी रिकामी करा. नवीन पिस्टन बसेपर्यंत दोन बोटं क्लचवर ठेवा. बाकी नेहमीचंच: हेल्मेट घाला, घाई करू नका.

कागदांचा वेगळाच ताप. मालक वारलेले असतील तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31, नूतनीकरणाला फॉर्म 25, शिवाय पर्यावरण कर. जुनं आरसी बुक ऑनलाइन दिसत नसेल तर बॅकलॉग एन्ट्री आधी. आम्हाला एका एजंटने "गाडी पन्नाशीची आहे, व्हिंटेजमध्ये टाका, 20,000 लागतील" असं पटवायचा प्रयत्न केला. 2021 च्या नियमात 20,000 ही नव्या व्हिंटेज नोंदणीची फी आहे, पुन्हा नोंदणीची 5,000. आणि व्हिंटेज झालेली गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन-रॅलीपुरतीच. मार्केट यार्डापर्यंत जायचं असेल तर साधं नूतनीकरणच करा.

गाडी आता चालते, आबांच्या हातगुणाने आणि डुप्लिकेट कार्बोरेटरवर. त्या मिस्त्रीच्या दुकानात मात्र तिचा रंग ओला असतानाचा फोटो फ्रेम करून लावलाय, 'आमचे काम' म्हणून. काढा म्हणून दोनदा निरोप दिला आहे.