घटक ६ : वस्तीपातळीवरील मानसिक आरोग्यसेवा आणि मराठीचा व्यवहार

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणास :
• मानसिक आजार व व्यसनाधीनता यांविषयीच्या मराठी शब्दांतील कलंकाचे स्वरूप स्पष्ट करता येईल.
• आजाराविषयीच्या मराठी वाक्यरचनांतील भेद दाखविता येईल.
• वस्तीतील लोकांसाठी सुबोध व आदरपूर्ण मजकूर लिहिता येईल.

६.१ प्रास्ताविक

व्यावहारिक मराठीचा विचार करताना आपण कार्यालय, वृत्तपत्र, जाहिरात या क्षेत्रांकडे प्रथम वळतो. परंतु भाषेचा सर्वांत नाजूक व्यवहार कदाचित आरोग्यसेवेत घडतो. ज्याला आपले दुखणे सांगता येत नाही, त्याच्यापर्यंत उपचार पोहोचत नाहीत. छत्रपती संभाजीनगर शहराच्या आधारे आपण हा मुद्दा समजून घेऊ. २०११ च्या जनगणनेनुसार या शहराची लोकसंख्या सुमारे पावणेबारा लाख होती. चिकलठाणा व वाळूज येथील औद्योगिक वसाहतींमुळे मराठवाड्याच्या सर्व जिल्ह्यांतून माणसे येथे आली. अनेकांनी दाट वस्त्यांत, अपुऱ्या सोयींत संसार थाटले. काम अनिश्चित, गाव दूर आणि शेजार नवा, अशा स्थितीत मनावरचा ताण वाढतो आणि व्यसनालाही वाट मिळते.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ सेवेतील दरी

२०१५-१६ मध्ये ‘निम्हान्स’ संस्थेने बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. महाराष्ट्राचा त्यात समावेश नव्हता. तरीही त्याचे निष्कर्ष आपणास उपयोगी आहेत. मद्यसेवनाचे विकार असलेल्यांपैकी सुमारे ८६ टक्के व्यक्तींना उपचार मिळत नव्हते आणि मानसिक विकारांचे प्रमाण महानगरांत अधिक होते. राज्यातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही. संभाजीनगरातील सामान्य रुग्णाचा मोठा आधार म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. लोक त्याला ‘घाटी’ म्हणतात. मात्र एका दिवसाची मजुरी बुडवून, रांगेत उभे राहून ‘मनाचे’ दुखणे सांगायला जाणारे थोडेच. म्हणून सेवा वस्तीत न्यावी लागते, आणि ती वस्तीच्या भाषेत न्यावी लागते.

६.२.२ शब्दांतील कलंक

‘याला आता येरवड्याला पाठवा’ हे वाक्य आपण चेष्टेत ऐकले असेल. येथे गावाचे नाव लक्षणेने मनोरुग्णालयाचे, आणि पुढे अपमानाचे वाचक झाले. मराठवाड्यातील वस्तीत हा अपमान पोहोचला; रुग्णालय मात्र शेकडो किलोमीटर दूरच राहिले.

‘बेवडा’ हा शब्दही पाहा. मूळ अर्थ दोनदा गाळलेली दारू. पेयाचे नाव पिणाऱ्याला चिकटले आणि माणूस दिसेनासा झाला. ‘दारुडा’ या शब्दातील ‘-डा’ प्रत्यय तुच्छता दर्शवितो.

आता वाक्यरचनेकडे वळू. ‘त्याला ताप आला’, ‘तिला कावीळ झाली’ या वाक्यांत माणूस ‘-ला’ प्रत्ययाने येतो आणि आजार बाहेरून येतो. म्हणजेच तो जाऊही शकतो. ‘तो वेडा आहे’, ‘तो दारुडा आहे’ या वाक्यांत मात्र आजार हाच माणसाचा गुणधर्म ठरतो. मराठीत दुसरी वाटही उपलब्ध आहे : ‘त्याला दारूचे व्यसन लागले’. जे लागते ते सुटते, हे ‘व्यसन सुटले’ या प्रयोगात आपली भाषाच सांगते. माहितीपत्रक लिहिताना कोणती रचना निवडावी, याचे उत्तर येथे मिळते.

६.२.३ वस्तीची दुःखभाषा

‘नैराश्य’, ‘चिंताविकार’ हे पारिभाषिक शब्द शास्त्राला आवश्यक आहेत. पण दुखणे सांगणारा ते क्वचितच वापरतो. ‘जीव घाबरा होतो’, ‘अन्न गोड लागत नाही’, ‘हातपाय गळाल्यासारखे वाटतात’ अशी त्याची भाषा असते. या शहरात मराठीच्या शेजारी दखनीही नांदते. तेथे ‘जी घबराता’, ‘दिल नहीं लगता’ ऐकू येते. दोन्ही भाषांत ‘टेन्शन’ हा शब्द घरचा झाला आहे. नशेसाठी घेतल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्यांना येथे ‘बटन’ म्हणतात. ‘आपण शामक औषधांचा गैरवापर करता काय?’ असे विचारल्यास तरुण गप्प बसेल.

पुढील संवाद अभ्यासासाठी रचलेला आहे :

सेविका : मावशी, रात्रीची झोप लागते का?
मावशी : कुठली झोप बाई! जीव नुसता वर-खाली होतो. ह्यांचं पिणं लई वाढलंय.
सेविका : कधीपासून होतंय असं?
मावशी : कंपनीतलं काम सुटल्यापासून.

सेविकेने आजाराचे नावही घेतले नाही. तरी दोन माणसांचे दुखणे उघड झाले. ‘जीव वर-खाली होतो’ यावरून निदान करणे हे मात्र तिचे काम नव्हे, कारण हे लक्षण हृदयविकाराचेही असू शकते. मावशींचे शब्द जसेच्या तसे नोंदवून त्यांना डॉक्टरांकडे पोहोचविणे हे तिचे काम होय.

६.२.४ दोन अनुभव

पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे उपचार घेणाऱ्याला ‘रुग्णमित्र’ म्हणतात आणि पत्नींच्या आधारगटाला ‘सहचरी’. ‘बेवडा’ ते ‘रुग्णमित्र’ हे अंतर केवळ शब्दाचे नाही.

गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने स्थानिक, डॉक्टर नसलेल्या व्यक्तींना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले. घातक मद्यपान करणाऱ्या पुरुषांशी त्यांनी आरोग्यकेंद्रांत मोजक्या भेटींत संवाद साधला. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ३६ टक्के पुरुषांचे घातक मद्यपान थांबले होते, केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. हा फरक अफाट नसला, तरी तो घडविणारे लोक शेजारचेच होते, हे महत्त्वाचे.

६.२.५ कायदा आणि भाषा

१९१२ च्या कायद्याच्या इंग्रजी नावातच ‘वेड’ होते; १९८७ मध्ये ‘मानसिक आरोग्य’ आले, आणि २०१७ मध्ये ‘मानसिक आरोग्यसेवा’. या शेवटच्या कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही मानसिक आजारात धरल्या. उपचारास संमती घेताना रुग्णाला समजेल अशा भाषेत व रीतीने माहिती दिलेली असावी, अशीही त्यात अट आहे. म्हणजे सुबोध भाषा हा रुग्णाचा हक्क आहे.

६.३ सारांश

वस्तीत सेवा वाढवायची तर डॉक्टर, औषधे व समुपदेशक हवेतच. त्यांच्याइतकीच लोकांना बोलते करणारी भाषाही हवी. माणसाला आजाराचे नाव न देता ‘आजार झालेला माणूस’ म्हणून त्याचा उल्लेख करणे ही तिची पहिली पायरी होय.

६.४ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘तो व्यसनी आहे’ व ‘त्याला व्यसन लागले आहे’ या वाक्यांतील भेद स्पष्ट करा.
२. आपल्या परिसरात मनाचे दुखणे सांगण्यासाठी वापरले जाणारे दहा शब्दप्रयोग जमवा. बोलणाऱ्याचे नाव नोंदवू नका.
३. ‘टेली-मानस’ (१४४१६) ही शासनाची चोवीस तास चालणारी विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे. तिची माहिती देणारा साठ शब्दांचा फलक तयार करा आणि तो एका शेजाऱ्याला वाचून दाखवा. त्याला न कळलेला प्रत्येक शब्द बदला.