मानवी पॅपिलोमा विषाणू : प्रतिबंध, तपासणी व उपचार

बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीशी येऊन 'आतला त्रास आहे' एवढेच सांगणाऱ्या व पुढे मान खाली घालणाऱ्या भगिनी आम्हांस नेहमी भेटतात. कित्येकदा तो त्रास जननेंद्रियावरील चामखिळींचा असतो आणि लज्जेपोटी तो महिनोन्‌महिने दडविलेला असतो. या विकारास कारण होणाऱ्या विषाणूची माहिती प्रत्येक कुटुंबास असावी, यासाठी हा लेखनप्रपंच.

मानवी पॅपिलोमा विषाणूचे, अर्थात एच.पी.व्ही.चे, दोनशेहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. जननेंद्रियावरील सुमारे ९० टक्के चामखिळी ६ व ११ या प्रकारांमुळे होतात. त्यांपासून सहसा कर्करोग होत नाही. गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांच्या मुळाशी मात्र १६ व १८ हे प्रकार असतात. चामखीळ डोळ्यांना दिसते. हा दुसरा संसर्ग दिसत नाही.

संसर्ग मुख्यत्वे लैंगिक संबंधातून होतो. निरोधमुळे धोका कमी होतो, पूर्णतः टळत नाही. विषाणू दीर्घकाळ सुप्त राहू शकतो. म्हणून चामखीळ आढळताच पती-पत्नींनी परस्परांवर संशय घेणे अनुचित होय.

चामखिळींवर औषधी मलम, अतिशीत द्रव नायट्रोजन, विद्युत्‌दहन किंवा लहान शस्त्रक्रिया हे उपचार आहेत. त्यांनी चामखीळ जाते, विषाणू जाईलच असे नाही. त्यामुळे ती पुन्हा उद्भवू शकते. चुना वा आम्ल लावण्यासारखे घरगुती उपाय करू नयेत. गरोदर स्त्रीने तसे डॉक्टरांना आधी सांगावे, कारण काही औषधे त्या काळात वर्ज्य आहेत.

बहुतेक संसर्ग दोन वर्षांत आपोआप नाहीसे होतात. जो टिकतो, त्याचे कर्करोगात रूपांतर होण्यास सामान्यतः १५ ते २० वर्षे लागतात. ही सवड तपासणीसाठीच आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली सुरू झालेल्या अभ्यासात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा समावेश होता. ज्या गावांत एच.पी.व्ही. चाचणी केवळ एकदा झाली, तेथे या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले.

प्रतिबंधक लस ९ ते १४ या वयात देणे सर्वांत हितकर. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने २०२३ साली आणलेली सर्व्हाव्हॅक ही लस वरील चारही प्रकारांपासून संरक्षण देते. जडलेला संसर्ग मात्र लसीने बरा होत नाही. लस घेतलेल्या स्त्रीनेही तिशीनंतर तपासणी करून घ्यावी.

जमाखर्च सांभाळणाऱ्या आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसते. तपासणीस काही मिनिटे पुरतात. विलंब झाल्यास घरची शेती गहाण पडते आणि तरीही माणूस हाती लागेल याची शाश्वती नसते. म्हणून आमची विनंती एवढीच, की खिडकीशी तक्रार सांगण्याचा संकोच वाटल्यास केवळ 'स्त्रीरोग विभाग' म्हणावे. तेवढे पुरेसे आहे. पण यावे, आणि वेळेवर यावे.