अलार्म काय सांगतो, काय सांगत नाही

याच महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्राच्या वर्गात मी डेसिबलची उदाहरणे केवळ गुणांसाठी सोडविली. त्यांचे खरे मोल मला नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, पावसाळ्यातील एका रात्री कळले. तो अनुभव येथे सांगतो.

शहरातील आमचे केंद्र आणि तालुक्याच्या गावचे केंद्र यांमध्ये ४० किलोमीटर ऑप्टिकल फायबर होते. प्रकाश नेण्यासाठी एक तंतू, आणण्यासाठी दुसरा. शिवाय अशीच एक राखीव जोडी. रात्री दोनच्या सुमारास मुख्य जोडीवर 'आर.डी.आय.' हा अलार्म आला. पलीकडच्या सहकाऱ्याने मोबाईलवरून कळविले की, त्याच्याकडे 'एल.ओ.एस.', म्हणजे संकेत नाहीसा झाल्याचा अलार्म आहे.

या दोन अलार्मांचा अर्थ नीट पाहू. एल.ओ.एस. म्हणतो, 'मला प्रकाश मिळत नाही.' आर.डी.आय. हा पलीकडच्या यंत्राचा निरोप असतो : 'तुझे मला पोचत नाही.' हा निरोप आमच्यापर्यंत आला, याचाच अर्थ तिकडून येणारा तंतू शाबूत होता. दोष फक्त आमच्याकडून जाणाऱ्या वाटेवर होता. पण त्या वाटेवर नेमका कोठे, हे अलार्म सांगत नाही.

वाहतूक आपोआप राखीव जोडीवर गेली होती. घाईचे काहीच कारण नव्हते. तरीही मी लेझरचे कार्ड बदलावयास घेतले आणि त्या गडबडीत शेजारची, राखीव जोडीची पॅच कॉर्ड निसटली. पलीकडच्या यंत्राला आता कोठूनच संकेत मिळेना. अशा वेळी यंत्र पुढील लहान यंत्रांना 'ए.आय.एस.' पाठविते : 'दोष तुमच्यात नाही, मागे आहे.' त्यामुळे तिकडे अलार्मांचा पूर आला. चूक ध्यानात येईपर्यंत अकरा मिनिटे गेली. त्या गावच्या दवाखान्याचा फोनही याच वाटेवर होता. त्या अकरा मिनिटांत कोणाला त्याची गरज पडली नाही, हे केवळ दैव.

पहाटे आमचे ज्येष्ठ अभियंते आले. ते कन्नडभाषिक. ते एवढेच म्हणाले, "मोदलु अळे, आमेले बिच्चु." आधी मोज, मग उघड.

मग आम्ही कागदावर हिशेब मांडला. लेझरची शक्ती ० डीबीएम, म्हणजे १ मिलिवॉट. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला दर किलोमीटरला ०.२५ डेसिबल घट धरली, तर ४० किलोमीटरला १० डेसिबल. सांधे आणि कनेक्टर यांचे ३. म्हणजे पलीकडे उणे १३ डीबीएम पोचावयास हवे. यंत्राला उणे २८ पर्यंत चालते. प्रत्यक्षात तेथे उणे ३५ भरले. २२ डेसिबल जादा घट, म्हणजे अपेक्षेच्या दीडशेव्या हिश्श्याहूनही कमी प्रकाश!

पॉवर मीटर लावला. लेझरजवळ ०. पॅच कॉर्डच्या पुढच्या टोकाशीही जवळजवळ ०. कार्ड निर्दोष होते. जेथे ती कॉर्ड बाहेरच्या केबलला मिळते, तेथे कनेक्टर अर्धवट बसलेला होता व टोकावर धूळ होती. तंतूचा प्रकाशवाही गाभा जेमतेम ९ मायक्रोमीटर, केसाहून कितीतरी बारीक. तेथे धुळीचा कणही डोंगर ठरतो. टोक पुसून कनेक्टर नीट बसविला. पलीकडे उणे १३ आले. दोन्ही अलार्म गेले.

आदल्या सायंकाळी त्याच चौकटीत मीच काम केले होते. 'नुकतेच येथे काय बदलले?' हा पहिला प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता.

एक सूचना मात्र आवर्जून देतो. तंतूच्या टोकात डोळ्याने कधीही पाहू नका. हा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. तो पाहण्याचे काम मीटरचे.

डेसिबलची उदाहरणे आता मी गुणांसाठी सोडवीत नाही. कोठलीही कॉर्ड उपसण्याआधी कागद घेतो आणि वजाबाकी करतो.