उरूसातला पाळणा की हैदराबादचा कोस्टर? चौघांच्या घराचा पूर्ण हिशेब

जिंतूर, पाथरी, गंगाखेडच्या मुलांना रोलर कोस्टर मोबाइलवर पाहून तोंडपाठ झालेला असतो. प्रत्यक्षात बसायचं म्हटलं की मात्र जिल्ह्याबाहेर जावं लागतं. परभणीकरांपुढे तीन वाटा आहेत: फेब्रुवारीतला उरूस, हैदराबादचं वंडरला आणि खोपोलीजवळचं इमॅजिका. यातली कोणती परवडेल हे ठरवताना बहुतेक जण पहिल्यांदा प्रवेशाच्या तिकिटाचा दर विचारतात, आणि तिथेच हिशेब फसतो. इथून लांबच्या उद्यानाला जायचं तर तिकिटाचा वाटा एकूण खर्चाच्या निम्म्यालाही पोचत नाही. म्हणून आकडा काढायचा तो घराला कुलूप लावल्यापासून ते परत उघडेपर्यंतचा.

त्यासाठी एक कुटुंब समोर ठेवू: जिंतूरचे आई-वडील, चौदा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. पाळणे, जेवण, मुक्काम, उद्यानाचं तिकीट यांचे पुढचे आकडे बजेटसाठी धरलेले आहेत. निघण्याआधी ताजे दर विचारून तेवढे आकडे बदला. मांडणी तीच राहील.

पहिली वाट: परभणीचा उरूस

सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस दरवर्षी २ फेब्रुवारीला सुरू होतो आणि पंधरवडाभर चालतो. सर्व धर्मांची माणसं येतात. दर्शन झालं की पोरांचे पाय आपोआप आकाशपाळण्याकडे वळतात. सोबत ब्रेक डान्स, टोराटोरा, डोलणारं जहाज, लहानग्यांची ड्रॅगन गाडी, मौत का कुआँ आणि भूतबंगला.

एसटीचं भाडं २५ जानेवारी २०२५ पासून वाढलं. साध्या गाडीला दर सहा किलोमीटरच्या टप्प्याला १० रुपये ५ पैसे पडतात. जिंतूर ते परभणी सुमारे ४५ किलोमीटर, म्हणजे आठ टप्पे, माणशी साधारण ८० रुपये. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे आणि मुलगाही अर्ध्या तिकिटात बसतो. त्यामुळे चौघांचं एका बाजूचं भाडं २०० रुपयांत भागतं.

– एसटी, जाऊन-येऊन: ४००
– परभणीत ऑटो: १००
– माणशी चार पाळणे, ६० रुपये दराने: ९६०
– भूतबंगला, माणशी ५०: २००
– खाणंपिणं: ४००
– खेळणं, फुगा, मिठाई: २००

एकूण २,२६० रुपये. इथे तिकीट पाळण्यागणिक आहे, ही मोठी सोय. आजीला नुसतं बघायचं असेल तर तिचे पैसे लागत नाहीत. मुलगा घाबरला तर एका पाळण्यावर थांबता येतं. तोटाही त्यातच आहे. साठ-साठ रुपये करत हजार रुपये कधी संपले ते कळत नाही. मैदानात शिरण्यापूर्वीच प्रत्येकाला चार पाळण्यांचे पैसे वेगळे काढून द्या आणि निवड त्याची त्याला करू द्या.

काही गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. फेरी किती मिनिटांची? मांडीवरच्या लहान मुलाचं तिकीट लागतं का? मौत का कुआँत पुढचा खेळ कधी? शेवटच्या रविवारी झुंबड असते. आठवड्यातल्या दिवशी, संध्याकाळी लवकर गेलात तर रांग कमी. परतीची शेवटची एसटी किती वाजता हे उतरल्या उतरल्या चौकशी खिडकीवर पक्कं करा. ती चुकली तर खासगी गाडीचं भाडं दिवसभराच्या पाळण्यांपेक्षा जास्त होईल. घरात दहावी-बारावीचं कुणी असेल तर बोर्डाचं वेळापत्रकही पाहा, कारण उरूस आणि परीक्षा जवळपास एकाच वेळी येतात. फेब्रुवारी हुकला तर हिंगोलीचा दसरा आहे. तिथेही प्रदर्शनात पाळणे लागतात.

दुसरी वाट: हैदराबाद

वंडरलाचं हैदराबाद उद्यान एप्रिल २०१६ मध्ये रावीर्याल भागात, बाह्य वळण रस्त्यालगत सुरू झालं. तिथला रिकॉइल हा कोस्टर उलट्या दिशेनेही गिरकी घालतो. कोरड्या राईड आणि वॉटर पार्क एकाच तिकिटात मिळतात. परभणीकरांना सोय रेल्वेची आहे: अजिंठा एक्स्प्रेस रात्री मनमाडहून निघते आणि परभणी, नांदेड, निजामाबादमार्गे सकाळी हैदराबादकडे पोचते.

– जिंतूर-परभणी एसटी: ४००
– स्लीपर, चार बर्थ, २६० रुपये धरून, जाऊन-येऊन: २,०८०
– प्रवेश: तीन मोठी तिकिटं १,५०० प्रमाणे, एक लहान १,२००: ५,७००
– शहर ते उद्यान टॅक्सी, दोन्ही बाजू: १,८००
– लॉकर आणि पाण्यातले कपडे: ६००
– दोन दिवसांचं खाणं: २,०००
– एक रात्र मुक्काम: १,५००

एकूण १४,०८० रुपये. त्यात प्रवेशाचे ५,७००, म्हणजे शंभरातले चाळीस. उद्यान संध्याकाळी बंद होतं आणि ते शहराबाहेर आहे. त्याच संध्याकाळची गाडी धरायची तर दुपारीच निघावं लागेल. तिकिटाचे अर्धे पैसे वाया. एक रात्र राहणंच फायद्याचं.

रेल्वेत महिलांना एसटीसारखी अर्ध्या भाड्याची सवलत नाही. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला वेगळा बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं, नको असेल तर अर्धं. तेलंगणाच्या बसमध्ये महिलांना मोफत प्रवास असतो हे खरं, पण तो तिथल्या रहिवासी महिलांना; परभणीचं आधार कार्ड दाखवून उपयोग नाही.

तिसरी वाट: खोपोली

इमॅजिका एप्रिल २०१३ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाजवळ सुरू झालं. २०२२ पासून ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. तिथला नायट्रो सुमारे ४० मीटर उंच आहे, वेग ताशी १०५ किलोमीटरच्या आसपास, आणि वाटेत तो माणसाला पाच वेळा उलटा करतो. डीप स्पेस अंधारातून धावतो. भुतांची हौस असेल तर सलीमगढ आहे.

– जिंतूर-परभणी एसटी: ४००
– परभणी-पुणे एसटी, सुमारे ३५० किलोमीटर, जाऊन-येऊन: २,९७०
– पुणे-खोपोली एसटी, जाऊन-येऊन: ७००
– खोपोलीहून ऑटो: ४००
– प्रवेश, वरच्याच हिशेबाने: ५,७००
– एक रात्र मुक्काम: २,०००
– खाणं: २,५००
– लॉकर: ३००

एकूण १४,९७० रुपये. अंतर जास्त असूनही खर्च हैदराबादच्या जवळ राहतो तो आई आणि मुलीच्या अर्ध्या तिकिटामुळे. पुणे आणि खोपोलीच्या भाड्यात तेवढ्याने सुमारे दीड हजार वाचतात. घरात बायका-मुली जास्त असतील तर खोपोली स्वस्त पडू शकतं. पुरुष जास्त असतील तर रेल्वेने हैदराबाद. पाठीचा त्रास असणाऱ्याने मात्र दोन्ही बाजूंचा एसटी प्रवास मनात धरावा.

मुलांना कोस्टरपेक्षा पाणीच जास्त आवडत असेल तर एवढ्या लांब जाण्याचं कारण नाही. शिर्डीला वेट अँड जॉय हे वॉटर पार्क आहे. दर्शन आणि पार्क एकाच खेपेत उरकतं.

तिकिटाच्या मागची गणितं

जीएसटी: उद्यानाच्या प्रवेशावर जानेवारी २०१८ पासून १८ टक्के कर आहे, त्याआधी २८ होता. जाहिरातीतला दर करासह आहे की वेगळा, हे पाहा. १,५०० रुपयांच्या तिकिटात सुमारे २२९ रुपये कराचे असतात. वर्षाला वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या सेवा व्यावसायिकाला नोंदणीच लागत नाही, म्हणून जत्रेतल्या लहान पाळण्याच्या तिकिटावर कर वेगळा दिसत नाही. सर्कशीचं माणशी ५०० रुपयांपर्यंतचं तिकीट करमुक्त आहे.

उंची: मोठ्या उद्यानांत लहान मुलाचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं. मोठ्या कोस्टरला साधारण १४० सेंटिमीटरची अट असते. घरीच दाराच्या चौकटीला उभं करून मोजा. मूल १३५ सेंटिमीटरचं असेल तर ते कोस्टरच्या फाटकावरून परत फिरेल. अशा मुलासाठी एक-दोन वर्षं थांबणं हीच बचत.

सवलत: वंडरला दहावी-बारावीच्या हॉल तिकिटावर सूट देत आलं आहे. ते मूळ कागद जपून ठेवा. ऑनलाइन आगाऊ तिकीट बहुधा स्वस्त पडतं, पण रद्द करण्याची अट आधी वाचा. शाळेच्या सहलीला एसटी भाड्यात निम्मी सूट देते. मे महिन्यात शनिवार-रविवारी भाव आणि रांग दोन्ही चढतात.

हॅलोविन: ३१ ऑक्टोबरच्या सुमारास मोठी उद्यानं भोपळे, मुखवटे, चेटकिणी लावून खास कार्यक्रम करतात. ते दिवस दिवाळीच्या सुट्टीच्या आगेमागे येतात, म्हणजे भाव नेमका चढलेला. निव्वळ भुतांसाठी चौदा हजार घालू नका. ती हौस उरूसातल्या भूतबंगल्यात पन्नास रुपयांत भागते.

बसण्याआधी नजर टाका

१४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळच्या उद्यानात झोके घेणारी राईड तुटून दोघांचा जीव गेला. भूतबंगल्याची भीती वेगळी असते: अंधार, अरुंद वाट आणि पेट घेणारं सामान. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या सिक्स फ्लॅग्ज उद्यानात ११ मे १९८४ रोजी भुताच्या किल्ल्याला आग लागून आठ किशोरवयीन मुलं दगावली. राजकोटच्या गेम झोनमध्ये २५ मे २०२४ रोजी सत्तावीस जणांचा बळी गेला. त्या जागेला अग्निशमन दलाचा दाखला नव्हता.

अशा राईडसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १५४७५ हे मानक आहे. ग्राहकाने एवढं पाहावं:

– पाळण्याचे पाय सपाट, घट्ट जमिनीवर आहेत का; खालचे लाकडी ठोकळे सरकलेले तर नाहीत?
– सुरू करण्याआधी चालक प्रत्येक आडदांडा हाताने ओढून पाहतो का? पाहत नसेल तर उतरा.
– जनरेटरच्या उघड्या वायरी लोकांच्या पायात येतात का?
– भूतबंगल्याला बाहेर पडायची दुसरी वाट आणि आग विझवायचं नळकांडं आहे का? ताडपत्री, कापड आणि थर्माकोलच्या खोलीत एकच दार असेल तर पन्नास रुपये वाचवा.
– ओढणी, पदर, मोकळे केस बांधून घ्या. मोबाइल खिशात नको, सोबतच्या माणसाकडे द्या.

गरोदर बाई, हृदयविकार, फिट किंवा मान-पाठीचा त्रास असणाऱ्याने वेगाच्या राईडला आणि अचानक दचकवणाऱ्या भूतबंगल्यालाही लांबूनच रामराम करावा.

पैसे अडकले तर

राईड बंद असूनही पूर्ण पैसे घेतले, पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त लावले, परतावा नाकारला, तर आधी लेखी तक्रार द्या आणि तिकिटाचा फोटो ठेवा. ऑनलाइन पैसे भरल्याचा संदेशही पुरावा असतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. दाद लागली नाही तर परभणीतच जिल्हा ग्राहक आयोग आहे: पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षं. ‘आपापल्या जबाबदारीवर बसावे’ ही पाटी लावली म्हणून चालकाची निष्काळजीपणाची जबाबदारी संपत नाही.

मग कुठे जावं?

सगळ्यात धाकटं मूल १४० सेंटिमीटरच्या आत असेल तर उरूस. सव्वादोन हजारांत चौघांची हौस फिटते. मुलं उंच झाली, घरातले सगळे वेगाच्या राईडला तयार असतील आणि सुट्टीच्या गर्दीबाहेरचा दिवस मिळत असेल, तरच पंधरा हजारांची सहल काढा. चौघांपैकी दोघंच बसणार असतील तर बाकीचे दोघं दीड-दीड हजार देऊन बाकड्यावर बॅगा राखत बसतात. अशा वेळी मुलांना मामा-काकांबरोबर पाठवा आणि आई-वडिलांनी उरूसात जाऊन आकाशपाळण्याची एक फेरी घ्यावी.