नाताळच्या काही नवलाच्या चालीरीती

‘नाताळ’ हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ जन्म असा आहे. सण एकच, परंतु तो साजरा करण्याच्या रीती देशोदेशी भिन्न आहेत. त्यांपैकी काही ऐकताच आपणांस हसू येते. तथापि हसण्यापूर्वी त्यांचे कारण शोधावे, असे आम्हांस वाटते.

मेक्सिको देशातील ओआहाका शहरी २३ डिसेंबरच्या रात्री मुळ्याच्या भाजीतून कोरलेल्या चित्रांचे प्रदर्शन भरते. नाताळच्या बाजारात गिऱ्हाइकांचे लक्ष वेधावे म्हणून तेथील माळी मुळ्यांवर कोरीव काम करीत. १८९७ साली त्याची रीतसर स्पर्धा सुरू झाली. पोलंडात नाताळच्या पूर्वसंध्येस मेजावरील वस्त्राखाली गवत पसरतात, ते बाळ येशूच्या गव्हाणीची आठवण म्हणून; आणि एक पान जास्त मांडितात, ते अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. अतिथीस देव मानणाऱ्या आपल्या घरांस ही चाल परकी का वाटावी?

आता आपल्या मुंबईकडे वळू. वांद्र्यासारख्या ख्रिस्ती वस्त्यांतून मुले जुन्या कपड्यांत गवत, कागद भरून एक ‘म्हातारा’ तयार करितात, त्याच्या नावाने वर्गणी मागतात आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री त्याचे दहन करितात. म्हातारा म्हणजे सरते वर्ष. हजारो मैल दूर असलेल्या इक्वेडोर देशातही त्याच रात्री असेच पुतळे जाळितात. ज्याने होळी पाहिली आहे, त्यास ह्या ज्वाळांचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. गोव्याकडील ख्रिस्ती घरांत नाताळास होणारी ‘नेवरी’ पाहा. ती आपल्या दिवाळीच्या करंजीची सख्खी बहीणच होय. बांबूच्या कामट्यांवर रंगीत कागद डकवून दिवाळीस आकाशकंदील होतो, नाताळास चांदणी होते.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या माटुंग्यात तमिळ, गुजराती, मराठी, कोंकणी अशी अनेक भाषा बोलणारी कुटुंबे शेजारी राहतात. शेजाऱ्याची एखादी रीत विचित्र भासली, तर तिचे कारण त्याच्या घरच्या वडीलधाऱ्यांस नम्रपणे विचारा. कारण सांगणारे गेले की चाल तेवढी उरते आणि अर्थ लोपतो. ह्या सुटीत निदान एका चालीचा अर्थ विचारून तो लिहून ठेवाल, तर ती वही पुढे तुमच्या मुलांच्याही उपयोगी पडेल.