होडीचा तळ आणि होडीची चाल

आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण आहे. त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीवर माणिकडोह धरण आहे. धरणे झाली आणि जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या. जिथे माणूस पायी जात होता, तिथे होडी आली. म्हणून होडीची थोडी माहिती आपल्याला हवी.

होडी कशाने पळते? कोणी म्हणेल, वल्ह्याने. कोणी म्हणेल, इंजिनाने. दोन्ही खरे. पण ती किती पळेल आणि कशी वळेल, हे मोठ्या अंशी तिचा तळ ठरवतो.

गुडघाभर पाण्यातून चालून बघा. पाय जड होतात. पाणी बाजूला सारावे लागते ना! साधी होडीही तशीच पाणी सारीत जाते. चालताना तिच्या अंगाने लाट उठते. वेग वाढला की ही लाट लांब होते. लाट होडीएवढी लांब झाली, की होडीचे पुढचे टोक वर उचलते आणि मागचे खाली बसते. जणू चढच लागला! मग जोर कितीही लावा, वेग फारसा वाढत नाही. 4 मीटर लांबीच्या होडीला हा चढ ताशी सुमारे 9 किलोमीटरला लागतो. 9 मीटरच्या होडीला ताशी सुमारे साडेतेरा किलोमीटरला लागतो. म्हणून लांब आणि अरुंद होडी वल्ह्यांवर चांगली चालते.

आपल्या शिवनेरीवर जन्मलेल्या शिवाजीमहाराजांनी आरमार उभारले. त्यात गलबते होती. गलबत हलके असे. ते शिडावर चाले आणि वल्ह्यांवरही चाले. त्याचा तळ पाण्यात फार खोल जात नसे. त्यामुळे ते उथळ खाडीत शिरे. परक्यांचे मोठे जहाज बाहेरच अडे. तळाचा असाही उपयोग असतो.

आता इंजिनाच्या वेगवान होडीकडे वळू. मुंबईला गेटवेहून मांडव्याला स्पीडबोटी जातात. एवढा वेग त्यांना कसा येतो? चपटा खडा पाण्यावर आडवा फेका. तो टप्पे घेत वरच्या वर जातो. स्पीडबोटीचेही काहीसे तसेच. इंजिनाचा जोर मिळाला की पाणी तिला खालून उचलून धरते. ती चढ ओलांडते आणि पाण्यावरून घसरत जाते. आता तिला पाणी फार सारावे लागत नाही. म्हणून ती पळते.

अशा होडीचा तळ दोन तऱ्हेचा असतो.

पहिला सपाट, परातीच्या बुडासारखा. तो लवकर वर उचलतो. इंजिन लहान असले तरी भागते. पण लाट आली की धाडधाड आपटतो. बसणाऱ्याची कंबर मोडते. जोरात वळवली तर सपाट होडी बाजूला घसरते. ओल्या चिखलात सायकल घसरते, तशी.

दुसरा तळ निमुळता, नांगराच्या फाळासारखा. तो लाट कापतो. वळताना होडी आतल्या बाजूला कलते आणि पाणी धरून ठेवते. अमेरिकेत रे हंट नावाच्या माणसाने असा खोल निमुळता तळ थेट मागच्या टोकापर्यंत नेला. 1960 साली मायामी ते नसाऊ अशी समुद्रातली शर्यत झाली. समुद्र खवळलेला होता. त्या शर्यतीत हंटच्या आराखड्याची ‘मॉपी’ ही होडी पहिली आली. तेव्हापासून हा तळ जगभर पसरला.

मग सगळ्यांनीच निमुळता तळ का करू नये? त्याला इंजिन मोठे लागते, तेल जास्त लागते. उभी असताना ती होडी जास्त डुलते. एका अवजाराने सगळी शेती होत नाही. तसा एक तळ सगळ्या पाण्याला पुरत नाही.

आता मुख्य गोष्ट ऐका. रुंद, सपाट होडी शांत पाण्यात स्थिर वाटते. माणसाला वाटते, ही कशाची उलटते! पण माणसे वाढली की तिचे काठ पाण्याजवळ येतात. एकजण उभा राहिला, सगळे एका बाजूला झुकले, वरून वारा आला, की काठावरून पाणी आत येते. मग सावरायला वेळ मिळत नाही.

21 मे 2024 रोजी उजनीच्या जलाशयात कुगाव आणि कळाशी या गावांमध्ये होडी वादळी वाऱ्यात उलटली. सात जणांपैकी सहा जण बुडाले. एकजण पोहून काठाला लागला. वादळापुढे कोणत्याही तळाचा भरवसा धरू नये.

म्हणून एवढे पाळा. आभाळ भरले, वारा उठला, तर होडीत बसू नका. काम उद्या होईल. ओझे मधोमध आणि खाली ठेवा. मागे फार झाले तर नाक वर होते, पुढे फार झाले तर नाक पाण्यात घुसते. चालत्या होडीत उभे राहू नका. लाइफ जॅकेट अंगात घाला; बसायला घेऊ नका. होडी भरली असेल तर नावाड्याला घाई करू नका. पुढच्या खेपेला जा.

वाचा आणि सांगा

1. लांब, अरुंद होडी वल्ह्यांवर चांगली का चालते?
2. सपाट तळाचा फायदा कोणता? तोटा कोणता?
3. होडीत ओझे कुठे ठेवावे? का?